ब्रेकचे तेल गेले कोठे?



आजचा विषय वरवर पाहता मोटार-मालकांचा आहे. परंतु ज्यांच्या दारात मोटार नाही, त्यांनीही एवढ्यात रेडिओचा कान पिळू नये, अशी माझी विनंती आहे. मोटार कोणाची का असेना, तिच्यात बसतो आपण सगळेच. लग्नाचे वऱ्हाड निघते, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे लागते, शाळेची सहल जाते, आणि रोज सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये आपण आपली मुले बसवून देतो. ती गाडी धावेल की नाही ह्याची चौकशी आपण करतो. ती थांबेल की नाही, ही चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

वसई-विरारचा आपला टापू दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर अशा चौकटीत बसलेला आहे. एके काळी इथली केळी, भाजी नि विड्याची पाने बैलगाडीतून स्टेशनावर जात. आज आगाशी, निर्मळ, भुईगाव अशा गावांतून वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा असतो नि अंगणात मोटार. डोंगराच्या पायथ्याने अहमदाबादचा हमरस्ता धावतो आणि त्यावर अवजड ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते. बैलगाडी थांबवायला कासरा ओढला की काम भागे. मोटारीचा कासरा म्हणजे ब्रेक. आणि हा कासरा सुताचा नाही, कातड्याचा नाही. तो एका द्रवाचा आहे. तो द्रव कमी झाला की मोटारीच्या पाटीवर एक लाल दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ कसा लावायचा, एवढ्यापुरतेच आज बोलू.

मी कॉलेजात भाषा शिकवणारा मनुष्य, गॅरेजवाला नव्हे. पण चिन्ह आणि अर्थ ह्यांचा संबंध शोधणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. हे चिन्ह असे असते : एक वर्तुळ, वर्तुळात उद्गारचिन्ह, आणि वर्तुळाच्या दोन्ही अंगांना कंसासारख्या दोन वाकड्या रेघा. व्याकरणात उद्गारचिन्ह आश्चर्य दाखवते, इथे ते सावध करते. त्याचा रंग लाल असतो. जवळच पिवळ्या रंगात ‘एबीएस’ अशी अक्षरे असलेला दुसरा दिवा असतो. तो, चाक जागच्या जागी जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून केलेल्या यंत्रणेचा. पिवळा दिवा एकटाच लागला, तर साधा ब्रेक बहुधा चालू असतो. गाडी हळू चालवून लवकर दाखवून घ्यावी. लाल दिवा लागला, किंवा लाल-पिवळे दोन्ही एकदम लागले, तर ते काम उद्यावर टाकण्याचे नव्हे.

बहुतेक मोटारींत किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन हँडब्रेक खाली गेला की तो विझतो. ह्याचा अर्थ, दिवा रोज सकाळी एकदा आपली हजेरी देत असतो. ज्या गाडीत तो कधी लागतच नाही, त्या गाडीचे ब्रेक उत्तम आहेत असे समजू नका. दिवा गेलेला असेल, किंवा त्याची कटकट नको म्हणून कोणी त्याची वायरच काढून ठेवली असेल. वर्गातला खोडकर मुलगा गप्प बसला म्हणजे तो अभ्यास करतोच आहे असे नव्हे, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

आता थोडे शास्त्र. फ्रान्समध्ये १६२३ ते १६६२ ह्या काळात ब्लेझ पास्काल नावाचा विद्वान होऊन गेला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा त्याचा नियम शाळेच्या विज्ञानात येतो. समजा, लहान दट्ट्याचे तोंड दोन चौरस सेंटिमीटर आहे नि मोठ्याचे वीस. लहानावर दहा किलोचा भार दिला, तर मोठा दट्ट्या शंभर किलोच्या जोराने पुढे रेटतो. आपला पाय पडतो तो लहान दट्ट्यावर, चाकाजवळ काम करतो तो मोठा. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड ह्याने १९१७ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले, आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना ते बसले. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, जी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर दिसत असे, तिचेही ब्रेक ह्याच तत्त्वावर चालत.

शिक्षकमित्रांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंजा घ्या, एक पाच मिलिलिटरची नि एक वीसची. दोन्ही एका रबरी नळीने जोडा आणि सगळ्यात पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच उठतो. मग मुद्दाम नळीत हवेचा बुडबुडा जाऊ द्या. आता दट्ट्या दाबताना तो लिबलिबीत लागेल, आणि पलीकडचा उशिरा व अर्धवट उठेल. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. ब्रेक ‘स्पंजासारखा लागतो’ असे ड्रायव्हर म्हणतो, त्याचा सारा अर्थ मुलांच्या बोटांना एका मिनिटात कळेल.

ह्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल, आणि आजच्या माझ्या बोलण्याचे सार तीच आहे. दट्ट्या कितीही वेळा दाबा, पाणी तेवढेच राहते. पेट्रोल जळते, म्हणून ते कमी होते नि आपण पुन्हा भरतो. ब्रेक ऑइल जळत नाही, संपत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गेले आहे. म्हणून ‘दिवा लागला, तेल ओतले, दिवा गेला, चला’ ही दुरुस्ती नव्हे. ताप आलेल्या मुलाला थंड पाण्यात बुडवून थर्मामीटर उतरवण्याचा तो प्रकार आहे. तेल गेले कोठे, हा प्रश्न विचारल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

हे तेल दोनच ठिकाणी जाऊ शकते. पहिले ठिकाण प्रामाणिक आहे. चाकाजवळ ब्रेकचे पॅड असतात. मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यांत लायनर असतात. ते झिजले की दट्ट्यांना थोडे अधिक पुढे यावे लागते, आणि त्यांच्या मागे जी जास्त जागा होते ती वरच्या डबीतले तेल भरून काढते. तेल गाडीतच आहे. फक्त डबीतून चाकाकडे उतरले आहे. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. त्याचा घासणारा भाग झिजून तीन मिलिमीटरच्या आसपास आला, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतका राहिला, की तो बदलावा. अशा वेळी पॅड न बदलता डबी गळ्यापर्यंत भरली, तर पुढे नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकलला जातो नि तेल डबीबाहेर सांडते. हे तेल मोटारीचा रंग खाते, हे लक्षात ठेवा. सांडलेच तर भरपूर पाण्याने लगेच धुवावे.

दुसरे ठिकाण वाईट आहे. ते म्हणजे गळती. चाकातल्या सिलिंडरचे रबर, कॅलिपरचे रबर, चाकाकडे जाणारा रबरी होस पाइप, गाडीच्या पोटाखालून गेलेली लोखंडी नळी नि तिचे सांधे, आणि पेडलामागचा मास्टर सिलिंडर, ह्यांपैकी कोठेही चोर असू शकतो. बऱ्याच मोटारींत क्लचही ह्याच डबीतले तेल पितो. तेव्हा ब्रेकची सारी यंत्रणा कोरडी दिसली तर क्लचकडेही पाहावे.

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. तुम्ही हमरस्त्याने चालला आहात, शिरसाड फाटा मागे पडला आहे आणि लाल दिवा लागला. घाबरून एकदम ब्रेक मारू नका. वेग कमी करा, डावीकडे सुरक्षित जागी या. हँडब्रेक थोडासा वर राहिला आहे काय, ते आधी पाहा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही गोष्टींना दिवा एकच असतो. हँडब्रेक पुरता खाली असूनही दिवा जळत असेल तर आता पायाला विचारा. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे; पेडल दाबून अर्धा मिनिट तसेच धरा. ते नेहमीच्या उंचीवर घट्ट राहिले, तर थोडा वेळ हाताशी आहे. ते लिबलिबीत लागले, किंवा पायाखाली हळूहळू खाली बसत गेले, तर गाडी तिथेच उभी ठेवा. पाच किलोमीटरवर गॅरेज आहे म्हणून हळूहळू नेण्याचा मोह टाळा. मेकॅनिकला बोलवा किंवा गाडी उचलून न्या. त्याचे पैसे पडतात खरे. पण तो खर्च मोजता येतो.

इथे एक खुलासा केला पाहिजे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबले की ते दगडासारखे होते. त्यावर पाय ठेवून इंजिन सुरू केले तर ते किंचित खाली जाते. हे चांगले लक्षण आहे. पायाला मदत करणारा बूस्टर ठीक असल्याची ती खूण. एकदा थोडे खाली जाऊन थांबणे वेगळे, नि सतत बसत जाणे वेगळे.

दुसरी एक फसवणूक. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या दोन स्वतंत्र वाटांनी नेलेल्या असतात, म्हणजे एक वाट फुटली तरी दुसरी काम देते. ही सोय जीव वाचवण्यासाठी आहे, दिवस ढकलण्यासाठी नाही. एक वाट गेली की पेडल खोल जाते, गाडी थांबायला बरेच अधिक अंतर घेते, आणि आपण मात्र ‘अजून लागतोय की!’ म्हणत राहतो.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडा. बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या अंगाला, पांढुरक्या प्लॅस्टिकची डबी दिसेल. तिच्यावर कमाल नि किमान अशा दोन रेषा असतात. तेल बाहेरूनच दिसते. झाकण उघडण्याची गरज नसते. तेल दोन रेषांच्या मध्ये असूनही दिवा लागत असेल, तर दोष तेलाचा नाही. डबीतला तरंगणारा तुकडा अडकला असेल, किंवा तारेच्या जोडात पाणी गेले असेल. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, त्यातून गाडी काढल्यानंतर असे घडू शकते. तेल किमान रेषेच्या अगदी जवळ असेल, तर दिवा वळणावर, चढणीवर किंवा ब्रेक दाबताना क्षणभर लागतो नि विझतो. तेल हेलकावते, म्हणून तसे होते. विझला म्हणून सोडून देऊ नये. ही पहिली हाक असते.

तेल किमान रेषेखाली असेल तर गळती शोधायची. त्यासाठी यंत्र लागत नाही, वर्तमानपत्र लागते. रात्री चारही चाकांखाली आणि इंजिनाखाली कोरडे कागद पसरा, त्यांवर दगड ठेवा, आणि सकाळी पाहा. नितळ, वास नसलेले पाणी असेल तर ते एसीचे. त्याची चिंता नको. काळपट नि चिकट असेल तर इंजिन ऑइल. हिरवे किंवा गुलाबी असेल तर रेडिएटरचे पाणी. फिकट मधाच्या रंगाचे, बुळबुळीत आणि चाकाजवळ पडलेले असेल, तर तो आपला चोर. शंका राहिली तर डागातले दोन थेंब वाटीभर पाण्यात टाका : इंजिन ऑइल तरंगते, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. चव मात्र कोणी घेऊ नये. हे तेल विषारी आहे, नि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. चाकांच्या आतली बाजू टॉर्चने पाहा, आणि ड्रायव्हरच्या पायाजवळ पेडलाच्या दांड्यावरून बोट फिरवा. मास्टर सिलिंडर मागून झिरपत असेल तर बोट ओले होईल. कधी कधी ते तेल बूस्टरच्या पोटात उतरते नि बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून कागद कोरडा राहिला, पॅडही जाड आहेत, आणि तरी तेल उतरते आहे, असे असेल तर मेकॅनिकला हे शब्दांत सांगा. नुसते ‘दिवा लागतो, बघा’ म्हणण्याने निम्मे निदान बुडते.

किनाऱ्यावरच्या मंडळींना दोन गोष्टी विशेष सांगायच्या आहेत. अर्नाळा, राजोडी, कळंब इथल्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात, ते आपण पाहतो. गाडीच्या पोटाखालची लोखंडी नळीही त्याच वाऱ्यात असते. तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गाडी वर उचलून ह्या नळ्या पाहून घ्याव्या. दुसरी गोष्ट दमटपणाची. आपल्या मिठागरांचे मीठ आषाढात बरणीतच पाझरू लागते. ते हवेतले पाणी ओढून घेते. ब्रेक ऑइलचा स्वभावही तोच आहे. नव्या ‘डॉट ४’ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की किमान १५५ अंशांचीच हमी उरते. ‘डॉट ३’ बाबत हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

हा आकड्यांचा खेळ घाटात जिवावर येतो. जव्हारकडून तुम्ही खाली उतरत आहात आणि माणसांसह गाडीचे वजन बाराशे किलो आहे, असे धरा. तीनशे मीटर खाली येताना जी शक्ती मोकळी होते, ती दहा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. गिअर मोठा ठेवून सारखा ब्रेकवर पाय दिला, तर ह्यातील बरीच उष्णता चाकांत जाते. पाणी मुरलेले तेल तिथे उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि सिरिंजेतल्या बुडबुड्याची गोष्ट पेडलाखाली घडते. डबीत तेल पुरेपूर असेल, दिवाही लागणार नाही, तरी ब्रेक लागणार नाही. म्हणून उतार लहान गिअरमध्ये उतरावा, आणि तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावे. पुष्कळ गाड्यांसाठी ही मुदत दोन वर्षांच्या आसपास असते.

तेल कोणते घालावे? डबीच्या झाकणावर लिहिलेले असते तेच. बाटली सीलबंद असावी. गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरू नये, तिने वर्षभर हवेतले पाणी प्यायलेले असते. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसावी. आणखी एक. आपण ह्याला ऑइल म्हणतो, पण मोटारींत सर्रास वापरला जाणारा हा द्रव ऑइल नव्हेच. नावाला भुलून त्यात इंजिन ऑइल घातले, तर आतली सगळी रबरे फुगतात नि बहुतेक सर्व यंत्रणा बदलावी लागते. योग्य ते तेल घातल्यावर डबीवर पातळीची खूण करा. आठ दिवसांनी ती खूण पाहा. तेल खुणेखाली उतरले असेल तर गळती आहे, मग कोणी काहीही सांगो.

आणि धावत्या गाडीत ब्रेक गेलाच तर? पेडल भराभर, पुन्हा पुन्हा दाबा. पुष्कळदा थोडा दाब परत येतो. एकेक गिअर खाली उतरवा. हँडब्रेक झटक्याने नव्हे, हळूहळू ओढा. हॉर्न नि चारही इशारा-दिवे चालू ठेवा. किल्ली मात्र काढू नका. स्टिअरिंग अडकून बसेल.

शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. सहलीसाठी गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, आसने मोजतो, गाणी लागतात का तेही पाहतो. पुढच्या वेळी मुले चढण्यापूर्वी ड्रायव्हरला आदराने म्हणा, ‘दादा, जरा किल्ली फिरवा.’ लाल दिवा लागतो काय आणि इंजिन चालू होऊन हँडब्रेक उतरल्यावर विझतो काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बॉनेट उघडून डबीतली पातळी पाहा. पॅड नि तेल केव्हा बदलले, ते विचारा. पेडल दाबून धरायला सांगा आणि ‘बसतंय का?’ म्हणून विचारा. ह्या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. चांगला ड्रायव्हर ह्यावर रागावत नाही. आपल्या कामाची कोणी बूज राखली, ह्याचे त्याला बरेच वाटते. जो रागावेल, त्याच्या गाडीत मुले बसवू नका. सहल आठवडाभर पुढे गेली तरी चालते.